एमसीबी मोठा टाकू नका: जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलताना आधी काय, नंतर काय

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. डोंबिवलीत १९८६ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट. जुना किटकॅट फ्यूज काढून मध्ये कधीतरी १६ अँपिअरचा एकच एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) बसवलेला. एका बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे, दुसऱ्या बेडरूमलाही घ्यायचा आहे, आणि आता इंडक्शन शेगडी आली आहे. गिझर आणि इंडक्शन एकदम लावले की एमसीबी पडतो. वायरमन म्हणतो, ३२ चा टाकू, कटकट मिटेल. तो टाकावा का आणि पूर्ण वायरिंग बदलायला किती खर्च येईल, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एका ओळीत लिहिलंय की वॉशिंग मशीनला हात लागला की आईला झिणझिण्या येतात, म्हणून त्या रबरी चप्पल घालून मशीन लावतात.

ती शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. एसी पुढच्या उन्हाळ्यात घेतला तरी चालेल. मशीन मात्र आजपासून बंद ठेवा, निदान कुणीतरी जाणकार येऊन अर्थिंग तपासेपर्यंत. आणि ३२ चा एमसीबी अजिबात टाकू देऊ नका.

झिणझिण्या का येतात ते सांगतो. हल्लीच्या मशीनमध्ये आतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) दोन्हीकडून मशीनच्या धातूच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीकसा करंट तिसऱ्या पिनवाटे जमिनीत निघून जातो, आपल्याला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर तीच बॉडी साधारण ११५ व्होल्टवर लोंबकळत राहते. टेस्टर लावला तर मिणमिणता पेटतो आणि ओल्या हाताला मुंग्या येतात. हे झालं त्यातल्या त्यात बरं कारण. वाईट कारण म्हणजे मोटरच्या किंवा हीटरच्या इन्सुलेशनला खरंच कुठेतरी चीर गेलेली असणं. बाहेरून दोन्हींत फरक करता येत नाही. आणि पहिलं कारण आज असलं, तरी उद्या हीटर फुटला तर त्याच बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि ते जायला वाट नसेल. म्हणजे कारण कुठलंही असो, तुमच्या घरात अर्थिंग पोहोचत नाही एवढं मी इथे बसून जवळजवळ खात्रीनं सांगू शकतो. रबरी चप्पल हा त्यावरचा उपाय नाही. ओल्या फरशीवर, एक हात मशीनवर आणि दुसरा नळावर असला की चपलेचा काही उपयोग होत नाही.

ठाणे, डोंबिवली, कल्याण, पुण्यातल्या जुन्या पेठा, अशा भागांतल्या त्या काळच्या इमारतींत मी काम करतो तेव्हा अर्थिंग तीनपैकी एका अवस्थेत सापडतं. पहिली अवस्था म्हणजे तिसरी पिन नुसतीच रिकामी. सॉकेट तीन भोकांचं, पण मागे दोनच वायरी. दुसरी अवस्था पाण्याच्या पाइपची. त्या काळात अनेक वायरमन हिरवी वायर बाथरूममधल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्प मारून जोडत. पाइप जमिनीत जायचा, त्यामुळे कसंबसं काम व्हायचं. पुढे सोसायटीनं गंजलेले पाइप काढून सीपीव्हीसीचे टाकले. प्लास्टिकमधून करंट जात नाही. त्या दिवशी अख्ख्या इमारतीचं अर्थिंग गेलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही, कारण दिवे, पंखे, टीव्ही सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. तुमच्या इमारतीत पाइप बदललेत का, हे जरूर विचारा.

तिसरी अवस्था सगळ्यात घातक आणि ती मला वारंवार दिसते. सॉकेट उघडलं की न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूवर इंचभर वायरचा तुकडा टाकलेला असतो. टेस्टरनं, मीटरनं वरवर तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, गिझरवरचा अर्थचा दिवाही लागतो. पण मीटरपासून तुमच्या घरापर्यंतचा न्यूट्रल कुठे सैल झाला, तुटला, की बल्बमधून, पंख्यामधून आलेला फेज न्यूट्रलच्या वायरवर येतो आणि त्या तुकड्यावाटे थेट मशीनच्या, गिझरच्या, फ्रिजच्या बॉडीवर जातो. एकाही उपकरणात बिघाड नसताना घरातल्या सगळ्या धातूच्या बॉड्या जिवंत होतात. कुणी मीटररूममध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडले तरी तेच. शिवाय अशा सॉकेटवरची गळती न्यूट्रलवाटेच परत जाते, त्यामुळे पुढे आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारं उपकरण, त्याबद्दल खाली लिहितो) बसवलात तरी त्याला त्या गळतीचा पत्ता लागत नाही. वायरमनला प्रत्येक थ्री-पिन सॉकेट उघडून दाखवायला सांगा. ओळखायची एक खूण अशी: गिझर किंवा इस्त्री चालू ठेवून त्याच लाइनवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजायचं. खरं अर्थिंग असेल तर लोडवर तिथे एखाद-दोन व्होल्ट तरी दिसतात. काटेकोर शून्य दिसलं तर तुकडा टाकल्याचा संशय घ्यायचा. हे मोजमाप त्यानं करायचं, तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं.

आता एमसीबीकडे येतो. तुमचा १६ चा एमसीबी बिघडलेला नाही, तो त्याचं काम चोख करतोय. गणित साधं आहे. २ किलोवॉटचा गिझर म्हणजे २००० भागिले २३०, जवळजवळ ८.७ अँपिअर. इंडक्शन पूर्ण ताकदीवर तेवढंच. दोन मिळून साडेसतरा. वर फ्रिज, पंखे, कुणी इस्त्री लावली तर आणखी चार-सव्वाचार. करंट तेवीसच्या पुढे गेला की एमसीबी पडणारच.

इथे एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १६ चा एमसीबी १६ वर पडत नाही. घरगुती एमसीबी बनवायचे ते मानक असं आहे की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा टाकलात तर ३६ अँपिअर तो तासन्‌तास जाऊ देईल आणि ४६ अँपिअरलाही तासभर गप्प राहू शकेल. तुमच्या भिंतीतली वायर काय आहे ते मला इथून दिसत नाही. पण त्या वर्षांतल्या इमारतींत दोनच शक्यता जास्त असतात. एक तर जुनी तांब्याची, ज्याला जुने वायरमन एक-अठरा किंवा तीन-बावीस म्हणतात, म्हणजे आजच्या मापात सव्वा चौरस मिलिमीटरसुद्धा नाही. नाही तर दीड चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनिअमची, जी भिंतीतल्या वायरीच्या पाइपात फार तर दहा अँपिअरच्या आसपास सुखानं वाहू शकते. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. ३२ चा एमसीबी टाकला तर कटकट मिटेल हे खरं, पण ज्या जागी करंट थांबायचा ती जागाच तुम्ही काढून टाकली असेल, आणि मग भिंतीतली वायर स्वतःच फ्यूज होईल.

म्हणून नियम उलटा लक्षात ठेवा. एमसीबी वायरीकडे बघून ठरवायचा, लोडकडे बघून नाही. लोड जास्त असेल तर वायर वाढवायची, मग एमसीबी वाढवायचा.

अॅल्युमिनिअमबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण डोंबिवलीसारख्या दमट हवेत त्याची दशा बघण्यासारखी असते. बोर्ड उघडला की वायरीच्या टोकाला पांढरट भुकटी दिसते, इन्सुलेशन बोटानं वाकवलं की कडकन तुटतं, आणि स्क्रूच्या आजूबाजूचा बेकेलाइट तपकिरी पडलेला असतो. अॅल्युमिनिअम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, तापून-निवून सैल होतं, आणि त्यावर येणारा ऑक्साइडचा थर करंट नीट जाऊ देत नाही. सैल जागा तापते, तापली की आणखी सैल होते. आगी बहुतेक वेळा लांबलचक वायरीच्या मध्यावर लागत नाहीत, अशा जोडांवर लागतात. त्यात कुणी मधेच तांब्याची वायर आणून अॅल्युमिनिअमला पिळा मारून काळी टेप गुंडाळली असेल तर दोन धातूंमुळे तो जोड आणखी लवकर खराब होतो. तुमच्या बोर्डात अॅल्युमिनिअम निघालं तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. पॉवरच्या सगळ्या लाइनी नव्या टाका.

आता ‘पूर्ण बदलायचं की थोडं’ याचं उत्तर. हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: वायर कसली आहे, भिंतीतले पाइप शाबूत आहेत का, आणि काम चालू असताना तुम्हाला घर रिकामं करता येणार आहे का. मेगरनं (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरनं) इन्सुलेशन तपासलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. ५०० व्होल्टवर प्रत्येक सर्किट किमान १ मेगाओहम दाखवायला हवं. तपासण्याआधी एलईडी दिवे, फॅनचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, सगळं काढून ठेवायचं, नाही तर ते मरतील. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, तेव्हाचं रीडिंग वाईट येतं. ते वाईट रीडिंगच खरं समजा, कारण तुम्ही पावसाळ्यातही त्याच घरात राहणार आहात.

मी स्वतः असं सुचवतो. दिव्यापंख्यांची जुनी लाइन तांब्याची असेल आणि मेगरला पास होत असेल, तर ती ६ अँपिअरच्या एमसीबीवर ठेवून काही वर्षं चालवता येते. हल्ली एलईडीमुळे तिच्यावरचा लोड पूर्वीच्या मानानं कितीतरी कमी झालेला आहे. पण तिच्यातही अर्थची वायर ओढून घ्या आणि प्रत्येक स्विच फेजवर आहे का ते तपासून घ्या. जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर टाकलेला आढळतो, मग दिवा बंद दिसतो पण होल्डरला फेज असतो आणि बल्ब बदलताना झटका बसतो. पॉवरच्या लाइनी मात्र सगळ्या नव्या करा, त्यात तडजोड नको. गिझरला स्वतंत्र, प्रत्येक एसीला स्वतंत्र, वॉशिंग मशीनला स्वतंत्र, आणि स्वयंपाकघराला निदान दोन. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एका लाइनीवर असता कामा नयेत.

वायरीची मापं. दिव्यापंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर तांबं आणि ६ किंवा १० चा एमसीबी. १६ अँपिअरच्या सॉकेटला आणि मशीनला २.५, त्यावर १६ चा. गिझर, एसी आणि इंडक्शनच्या लाइनीला मी ४ टाकतो, त्यावर २० चा. २.५ वरही गिझर चालतो, पण पाइपात तीन-चार लाइनी शेजारीशेजारी असल्या आणि मे महिन्यातली हवा असली की वायरीची क्षमता कमी होते. चारमध्ये खर्च थोडा वाढतो आणि पुढची काळजी जाते. एसीला सी प्रकारचा एमसीबी घ्या. सुरू होतानाच्या क्षणिक झटक्याला बी प्रकारचा उगाच पडू शकतो. एफआर (सहज पेट न घेणारी) किंवा त्याहून चांगली, कमी धूर सोडणारी एफआर-एलएसएच वायर घ्या. आयएसआयची खूण, ९० मीटरचं सीलबंद बंडल, आणि पक्कं बिल. बाजारात माप कमी भरणारी वायर सर्रास मिळते, आणि ती भिंतीत गेली की कुणालाच दिसत नाही.

भिंती फोडायच्या नसतील तर आधी जुन्या पाइपांतून वायर ओढून बघायची. पीव्हीसीचे पाइप असतील तर बऱ्याचदा निघते. लोखंडी असतील तर गंजून आत अडकलेली असते आणि जोर केला की तुटते. तेव्हा दोन रस्ते: झिरी मारून नवे पाइप, किंवा भिंतीवरून वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी. घरात माणसं राहत असतील तर पॉवरच्या लाइनींसाठी मी लोकांना पट्टीच सुचवतो. ती दिसते, म्हणून नको म्हणतात. पण पट्टीतली वायर थंड राहते, कधीही उघडून बघता येते आणि धूळ-राडारोडा होत नाही. झिरी मारायचीच असेल तर सरळ उभी किंवा आडवी, आणि विटांच्या भिंतीत. कॉलम, बीम, स्लॅब यांना कटर लावू देऊ नका. चाळीस वर्षांच्या इमारतीत आतली सळई आधीच गंजलेली असू शकते. पाइपात कुठेही जोड नको, जोड असेल तर तो उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये.

आता आरसीसीबी. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. तुमच्या शरीरातून जाणारा करंट जीवघेणा ठरायला काही दशांश अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि एमसीबीच्या हिशेबात तो मोजलाच जात नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात तोडतो. घरात ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० आणि ३०० चे असतात ते आगीपासून संरक्षणासाठी, माणसासाठी नाहीत.

अर्थिंग चांगलं असेल तर आरसीसीबी कशाला, असं मला नेहमी विचारलं जातं. त्याचं उत्तर आकड्यांतच आहे. समजा तुमचं अर्थिंग उत्तम आहे, ५ ओहम. गिझरचा फेज बॉडीला चिकटला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. १६ चा सी प्रकारचा एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. ४६ ला तो आधी तापेल, मग पडेल, आणि तेवढा वेळ गिझरची बॉडी, नळ आणि बादलीतलं पाणी धोकादायक व्होल्टेजवर राहील. आरसीसीबीला तो ४६ अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या दीड हजार पट. म्हणून दोन्ही लागतात. उलट बाजूनं, अर्थिंग नसतानाही आरसीसीबी माणसाला वाचवू शकतो, पण तो माणसाला झटका बसल्यावर तोडतो. अर्थिंग असेल तर कुणी हात लावण्याआधीच तोडतो. आणि एक मर्यादा त्याची सांगायलाच हवी: एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही एक साधं उपकरण आहात, तो पडणार नाही.

विकत घेताना नीट बघा. डीपी आयसोलेटर, म्हणजे नुसता चालू-बंद करायचा मेन स्विच, दिसायला अगदी तसाच असतो आणि स्वस्त असतो, पण त्यात कसलंही संरक्षण नाही. आरसीसीबीवर टी लिहिलेलं टेस्टचं बटण असतं आणि ३० मिलिअँपिअर छापलेलं असतं. इन्व्हर्टर एसी आणि नवीन वॉशिंग मशीन असतील तर ए प्रकारचा घ्या. या उपकरणांची गळती शुद्ध एसी स्वरूपाची नसते आणि साध्या प्रकाराला ती नीट कळत नाही. घराला एकच लावण्यापेक्षा निदान दोन लावा: एक बाथरूम, मशीन आणि स्वयंपाकघरासाठी, दुसरा बाकी घरासाठी. नाही तर रात्री गिझरची गळती झाली की अख्खं घर अंधारात, आणि मग वैतागून कुणीतरी तो बायपास करून टाकतं. घरोघरी असंच घडतं.

तुमच्याकडे बॅटरीवरचा इन्व्हर्टर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आधी सांगा. जुन्या घरांत इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल आणि बाकीच्या घराचा न्यूट्रल कुठल्यातरी बोर्डात एकत्र झालेले असतात. आरसीसीबी बसवला की तो वीज आल्या आल्या पडतो, आणि वायरमन सांगतो की तुमच्या घराला आरसीसीबी सूट होत नाही. तसं काही नसतं. प्रत्येक आरसीसीबीखालच्या लाइनींचा न्यूट्रल वेगळा काढला की तो गुपचूप उभा राहतो. ही कंटाळवाणी, वेळखाऊ शोधाशोध असते आणि चांगल्या वायरमनची पारख तिथेच होते.

अर्थिंगचं काम मात्र तुमच्या एकट्याच्या हातात नाही. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही खड्डा खणू शकत नाही. मीटररूमजवळ सोसायटीचा अर्थपिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) असायला हवा, आणि तिथून प्रत्येक घरापर्यंत अर्थची वायर वर आलेली असायला हवी. पिट असतो पण वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नसतो, त्याच्या जोडाची पट्टी गंजून गळून गेलेली असते. सचिवांना लेखी पत्र द्या, पुढच्या सभेत विषय घ्यायला लावा. पिटचा रेझिस्टन्स मोजून आकडा लेखी मागा, ५ ओहमच्या आत असेल तर उत्तम. मग डक्टमधून एक तांब्याची किंवा जीआयची पट्टी वरपर्यंत नेऊन प्रत्येक मजल्यावर तिला जोड द्यायचा. वीस घरांनी वीस हिरव्या वायरी ओढण्यापेक्षा हे स्वच्छ आणि एकंदरीत स्वस्त पडतं. सोसायटीला वेळ लागणार असेल तर तोवर तुमची स्वतःची ४ चौरस मिलिमीटरची हिरवी वायर पिटपर्यंत टाकून घ्या, परवानगी घेऊन. पाण्याच्या पाइपला, गॅसच्या पाइपला किंवा खिडकीच्या ग्रिलला जोडायचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस बदला.

लोडचं बघू. तुमची सकाळ: गिझर ८.७, इंडक्शन ८.७, इस्त्री सव्वाचार, मशीन आणि फ्रिज मिळून तीन-साडेतीन, पंखे वगैरे एखाद-दीड. सत्तावीसच्या आसपास. रात्री दोन एसी धरून सतरा-अठरा. म्हणजे सिंगल फेजवर ४० अँपिअरचा मेन आणि मीटरपासून घरापर्यंत १० चौरस मिलिमीटर तांबं तुम्हाला पुरेल. ती मीटरपासूनची वायर लोक विसरतात. घरात सगळं नवं, आणि जिन्यातून वर येणारी वायर मात्र चाळीस वर्षांपूर्वीची, असं करू नका. बिलावर मंजूर भार छापलेला असतो. जुन्या घरांत तो बहुधा एक-दोन किलोवॉट असतो. महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करून तो वाढवून घ्या. लपवून वापरण्यात काही शहाणपण नाही, कारण इमारतीला येणारी मुख्य केबल आणि मीटररूममधले फ्यूज याच मंजूर भारांच्या बेरजेवर ठरलेले असतात. पुढे इलेक्ट्रिक कार घ्यायचा विचार असेल तर सांगून ठेवा. साध्या चार्जरला ३.३ किलोवॉट, भिंतीवरच्याला सात-साडेसात लागतात, मग थ्री फेजचा विचार आत्ताच केलेला बरा.

थ्री फेज घेतला तर एक काळजी. मुख्य न्यूट्रल सुटला तर काही घरांत व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊन टीव्ही, फ्रिज जळतात. सिंगल फेजच्या घरांनाही इमारतीचा न्यूट्रल सुटल्यावर हाच फटका बसतो. जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं एक उपकरण डीबीत (सगळे एमसीबी बसवतात त्या पेटीत) बसवून घ्या.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, कारण घर न बघता दिलेला आकडा चुकीचाच निघतो. पण कोटेशन कसं मागायचं ते सांगतो. वायरमन ‘पॉइंटला इतके’ असा दर सांगतात. त्यात सामान धरलंय की नुसती मजुरी, वायर कुठल्या मापाची आणि कुठल्या कंपनीची, झिरी बुजवून प्लास्टर कोण करणार, डीबी आणि मेन वेगळे की त्यातच, हे लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानं खर्चायचे असतील तर माझा क्रम असा: आत्ता आरसीसीबी आणि सॉकेटांची तपासणी. दोन पोलचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी दोन-तीन हजारांच्या घरात येतो, आणि या सगळ्यात जीव वाचवणारा सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे. मग अर्थिंग आणि मीटरपासूनची वायर. मग पॉवरच्या लाइनी आणि नवा डीबी. दिव्यांची लाइन सगळ्यात शेवटी. मॉड्युलर स्विचच्या चकचकीत प्लेटा यात कुठेच मोडत नाहीत. जुन्या पियानो स्विचमागे चांगली वायर असली तरी घर सुरक्षित असतं, नव्या प्लेटमागे अॅल्युमिनिअम असलं तर नसतं. दुसरा एसी पॉवरची लाइन झाल्यावरच आणा. तोवर गिझर आणि इंडक्शन आळीपाळीनं वापरा, आणि इंडक्शनची जाड पिन कन्व्हर्टर लावून ६ च्या सॉकेटमध्ये खुपसू नका.

काम सरकारी परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या. कायद्यानंही तेच बंधन आहे, आणि भार वाढवताना त्याचा टेस्ट रिपोर्ट कामाला येतो. त्या रिपोर्टात नुसते ‘ओके’ नको, मेगरचे आणि अर्थचे आकडे हवेत. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. डीबीच्या झाकणाच्या आत कुठला एमसीबी कशाचा हे मराठीत लिहून चिकटवा, आईंना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. दाबल्यावर तो पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

वायरमननं सॉकेटं उघडली की आत दोन वायरी निघाल्या, तीन निघाल्या की तो तुकडा सापडला, आणि वायर तांब्याची की अॅल्युमिनिअमची, एवढं मला कळवा. त्यावर पट्टी की झिरी आणि डीबी किती वेचा (किती एमसीबी मावतील असा) घ्यायचा, हे नक्की सांगता येईल.